वाचक विचारतात : हातातला गेमिंग पीसी घरात मावायचा कसा?

स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो ही यंत्रे हातात धरायच्या खेळण्यासारखी दिसत असली, तरी ती पूर्ण संगणक आहेत आणि त्यांना टीव्ही, मॉनिटर, कीबोर्ड, माउस यांपैकी काहीही जोडता येते. ही जोडाजोडच लहान घरात डोकेदुखी ठरते, असे या वेळच्या बहुतेक पत्रांवरून दिसते. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतो. मुलाने नोकरी लागल्यावर आरओजी अ‍ॅलाय घेतला. त्याला तो भिंतीवरच्या ३२ इंची टीव्हीला जोडून खेळायचा असतो, पण त्यासाठी रोज स्टूल ओढणे, टीव्हीमागे हात घालणे, पलंगावरून वायरी टाकणे असा कार्यक्रम होतो. सासूबाईंच्या मालिकेची वेळ झाली की सगळे पुन्हा उलटे. खोलीत आणखी एक टेबल येऊ शकत नाही. यावर काही उपाय आहे का?
एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमची अडचण जागेपेक्षा रोजच्या मांडामांडीची अधिक आहे. लहान घरात एखादी वस्तू किती जागा व्यापते याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती काढायला आणि परत ठेवायला किती हालचाली कराव्या लागतात हे पाहावे लागते, कारण पाच मिनिटांची आवराआवर रोज रात्री कोणीच करत नाही आणि पसारा तसाच राहतो. म्हणून जे कायमचे जोडून ठेवता येईल ते एकदाच जोडावे आणि रोज लावायची व काढायची केबल एकच उरेल अशी व्यवस्था करावी.

यासाठी एक यूएसबी-सी (यालाच टाइप-सीही म्हणतात) हब पुरेसा आहे. त्यात टीव्हीसाठी एचडीएमआय, एक-दोन साधे यूएसबी पोर्ट आणि चार्जर लावण्यासाठी एक टाइप-सी पोर्ट असतो, आणि त्याची स्वतःची आखूड केबल यंत्रात जाते. ‘डॉक’ म्हणून जी वस्तू विकली जाते ती कामाच्या दृष्टीने बहुतेक वेळा हीच असते. तिला यंत्र उभे ठेवण्यासाठी खाच असते आणि किंमत जास्त असते. टीव्हीच्या खाली भिंतीवर साधारण एक फूट लांब आणि सहा इंच खोल अशी एक फळी सुताराकडून ठोकून घ्यावी. अ‍ॅलाय २८० मिलिमीटर लांब आणि १११ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे तो लहानशा स्टँडवर त्या फळीवर आरामात उभा राहतो. हब फळीच्या खालच्या बाजूस वेल्क्रो पट्टीने चिकटवावा, त्यातून टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय केबल कायमची लावून ठेवावी आणि चार्जर टीव्हीच्याच बोर्डात राहू द्यावा. चिरंजीवांनी घरी आल्यावर यंत्र फळीवर ठेवायचे, हबची केबल त्यात लावायची आणि ब्लूटूथचा कंट्रोलर घेऊन पलंगावर बसायचे. खोलीतून वायर कुठेही आडवी जाणार नाही. मालिकेची वेळ झाली की केबल काढायची आणि रिमोटने सेट-टॉप बॉक्सचा इनपुट निवडायचा. खेळ बंद न करताच यंत्राच्या सात इंची पडद्यावर, कानाला हेडफोन लावून, पुढे चालू ठेवता येतो. टीव्हीला एचडीएमआयचे दोन पोर्ट आहेत ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. एकच असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल रोज उपसण्यापेक्षा दोन इनपुटचा एचडीएमआय स्विच घ्यावा.

फळी बसवणे शक्य नसेल आणि यंत्र पलंगाजवळच ठेवायचे असेल, तर अंतर कोणत्या केबलने भरून काढायचे हा प्रश्न येतो आणि तेथे बरेच जण फसतात. टाइप-सी केबल लांबवणारे जोडतुकडे बाजारात मिळतात, परंतु यूएसबी-सीच्या प्रमाणकात अशा जोडकेबलींना मान्यताच नाही. त्यांच्यामुळे चित्र मध्येच जाणे आणि चार्जिंग मंदावणे असे प्रकार होतात. लांबी एचडीएमआयच्या बाजूला घ्यावी, म्हणजे हब पलंगाजवळ आणि तेथून टीव्हीपर्यंत तीन ते पाच मीटरची एचडीएमआय केबल. ती भिंतीच्या कडेने पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून नेता येते, फक्त एचडीएमआयचे तोंड रुंद असल्यामुळे पट्टी रुंद घ्यावी आणि घरच्या विजेच्या वायरी असलेल्या पट्टीत ही केबल कोंबू नये.

आता हबच्या किमतीविषयी. दुकानदार तुम्हाला फोर-के चित्र देणारा महागडा डॉक दाखवील. आपल्याकडे विकल्या गेलेल्या ३२ इंची टीव्हींपैकी पुष्कळसे ‘एचडी रेडी’ म्हणजे १३६६ बाय ७६८ चित्रबिंदूंचे आहेत. तुमचा टीव्ही तसा असेल तर खेळ ७२० पीवर, म्हणजे १२८० बाय ७२० चित्रबिंदूंवर, चालवणे हेच योग्य. त्यात चित्राचे काही बिघडत नाही आणि यंत्रही कमी तापते. तेव्हा डॉकवर पैसे घालवू नयेत. त्याऐवजी शंभर वॅटपर्यंत चार्जिंग पुढे पाठवणारा हब घ्यावा. अ‍ॅलायबरोबर ६५ वॅटचा चार्जर येतो, पण हब त्यातला काही भाग स्वतःसाठी राखून ठेवतो, आणि अ‍ॅलायचा सर्वांत वेगवान ३० वॅटचा टर्बो मोड चार्जर लावलेला असतानाच मिळतो. यंत्राने ‘चार्जर कमी क्षमतेचा आहे’ अशी तक्रार केली, तर दोष यंत्रात नसतो. मोठा चार्जर घेतला की ती थांबते. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो सुरू करावा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावरची हालचाल किंचित उशिरा होते आणि दोष उगाच कंट्रोलरला जातो.

एक पथ्य मात्र सांभाळावे. या यंत्रांची हवा पाठीमागून आत जाते आणि वरच्या कडेने बाहेर पडते. त्यामुळे अ‍ॅलाय फळीवर उताणा ठेवू नये, त्याच्या पाठीमागे दोन बोटे तरी जागा सोडावी आणि खेळ चालू असताना त्यावर धूळ बसू नये म्हणून फडके टाकण्याचा मोह घरातील कोणीही करू नये.

प्रश्न : आम्ही दोघेही आठवड्यातून काही दिवस घरून काम करतो. वन बीएचकेत एकच टेबल आहे, त्यावर २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस. अमेरिकेतील भावाने स्टीम डेक आणून दिला आहे. तो याच मॉनिटरला जोडायचा तर ऑफिसच्या लॅपटॉपचे सगळे काढावे लागते. दोन वेगळी डॉक ठेवायला जागा नाही. शिवाय लॅपटॉपचा मोठा चार्जर लावल्यास डेक जळेल का, अशी भीती वाटते.
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भीती सोडून द्यावी. टाइप-सीच्या ‘पॉवर डिलिव्हरी’ पद्धतीत चार्जर आणि यंत्र यांची आधी आपसांत बोलणी होतात आणि यंत्र मागेल तेवढाच व्होल्टेज व तेवढाच प्रवाह दिला जातो. स्टीम डेकबरोबर ४५ वॅटचा चार्जर येतो. त्याला शंभर वॅटचा चार्जर लावला तरी तो आपल्या गरजेपुरतेच घेतो. हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तरही आहे, कारण लॅपटॉप आणि डेक दोघेही टाइप-सीवर चालत असतील तर दोन डॉकची गरजच नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि शंभर वॅटचा चार्जर एकाच हबला जोडून ठेवावेत. हबची केबल दिवसा लॅपटॉपमध्ये आणि संध्याकाळी डेकमध्ये लावावी. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येते का, हे मात्र तपासावे लागेल. काही लॅपटॉपमध्ये तो पोर्ट फक्त माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतो, आणि पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह दिसत नसेल तर मॉडेलची माहिती वाचून खात्री करणे बरे. ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरची यूएसबी साधने जोडण्यास कंपनीची मनाई असेल, तर आधी तेथे विचारून घ्यावे.

हब टेबलावर ठेवूच नये. मॉनिटरच्या पाठीमागे चार स्क्रूंची चौकोनी जागा असते, बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची. तिला ‘वेसा’ म्हणतात. तेथे बसणारी लहान पत्र्याची पाटी किंवा नुसती वेल्क्रो पट्टी वापरून हब मॉनिटरच्या पाठीला लावावा, म्हणजे टेबलावर फक्त एका केबलचे टोक येईल. त्याच वेसाच्या जागी मॉनिटर आर्मही बसवता येतो आणि मॉनिटरच्या पायाने अडवलेली जागा मोकळी होते. परंतु आर्मचा क्लॅम्प टेबलाच्या कडेला घट्ट आवळावा लागतो, आणि आपल्याकडील तयार टेबलांपैकी बरीचशी पार्टिकल बोर्डची असतात; ती क्लॅम्पखाली चेपतात किंवा त्यांची कड तुटते. क्लॅम्पच्या वर आणि खाली लोखंडी पाटी किंवा किमान जाड प्लायचा तुकडा घालावा. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्यापेक्षा आर्म सोयीचा पडतो, म्हणून हा खटाटोप सांगितला.

स्टीम डेकची एक गोष्ट नव्या वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मोठ्या मॉनिटरला जोडल्यावरही तो खेळांना सुरुवातीच्या सेटिंगनुसार १२८० बाय ८०० हेच रिझोल्यूशन देतो, चित्र धूसर दिसते आणि लोक हबला किंवा केबलला दोष देतात. त्या त्या खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन रिझोल्यूशन बदलता येते. तरीही सगळे खेळ १०८० पीवर चालवण्याचा अट्टहास धरू नये. डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॅटवर काम करते आणि जड खेळांत ती तेथे दमते. जुने व हलके खेळ १०८० पीवर आणि जड खेळ ७२० पीवर हे विभाजन व्यवहाराला धरून आहे.

हबच्या खोक्यावर ‘फोर-के, ३० हर्ट्झ’ (म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळा बदलणार) असे लिहिलेले पाहून तो टाकाऊ आहे असे समजू नका. टाइप-सीमध्ये चार जलद मार्गिका असतात आणि यूएसबीच्या वेगवान कामासाठी दोन राखल्या की चित्रासाठी दोनच उरतात. स्वस्त हबमध्ये फोर-के चित्र ३० हर्ट्झवर अडकते ते बहुधा यामुळे. तुमच्या २४ इंची १०८० पी मॉनिटरला ६० हर्ट्झ मिळायला त्याची आडकाठी होत नाही.

भारतात डेक बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीची अधिकृत विक्री नसल्यामुळे डेकच्या अधिकृत दुरुस्तीची सोय येथे नाही, हे लक्षात ठेवून केबल अशी ठेवावी की कोणाच्या पायात ती अडकणार नाही. डेकला एकच टाइप-सी पोर्ट आहे, आणि तो गेला तर चार्जिंगही गेले आणि मॉनिटरही गेला.

प्रश्न : मी पुण्यात पीजीमध्ये राहतो. खोलीत तिघे, माझ्या वाट्याला एक कॉट, एक प्लास्टिकची खुर्ची आणि कुलूप असलेले लोखंडी कपाट, त्यातही अर्ध्यात कपडे. अजून यंत्र घेतलेले नाही. कोणते घ्यावे आणि त्याबरोबर पोर्टेबल मॉनिटर कोणता घ्यावा? रूममेट सकाळच्या पाळीला जातात, त्यामुळे रात्री आवाज चालत नाही.
एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमच्या परिस्थितीत आधी मॉनिटर घेऊच नये असे मी सांगेन. मोठ्या पडद्याच्या यंत्रावर दोन-तीन महिने काढावेत आणि मग खरोखर गरज वाटली तर पाहावे, कारण पीजीच्या कपाटात मॉनिटर ठेवायला जागा सापडेल, पण मॉनिटर मांडायला जागा सापडेलच असे नाही.

यंत्रांमध्ये तुमच्यासाठी लेनोवोचे लीजन गो सोयीचे आहे, आणि हे मी त्याच्या वजनाची पूर्ण कल्पना असताना लिहीत आहे. कंट्रोलरसह ते ८५४ ग्रॅमचे आहे; स्टीम डेकचे ओएलईडी मॉडेल ६४० आणि पहिला अ‍ॅलाय ६०८ ग्रॅमचा आहे, तेव्हा कॉटवर उताणे पडून हातात धरून खेळायचे असेल तर लीजन गो मनगटाला जाणवेल. परंतु त्याच्या पाठीला घडीचा स्टँड आहे, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात आणि वायरशिवाय चालतात, पडदा ८.८ इंचांचा आहे, आणि टाइप-सीचे पोर्ट दोन आहेत, एक वर आणि एक खाली. म्हणजे वेगळा स्टँड, वेगळा कंट्रोलर आणि हब या तीन वस्तू कपाटातून कमी झाल्या. पाय दुमडणारे लॅपटॉप टेबल कॉटवर मांडायचे, त्यावर यंत्र स्टँडवर उभे करायचे, कंट्रोलरचे दोन भाग दोन हातांत घ्यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. टेबल मिटवून कॉटखाली आणि यंत्र त्याच्या केसमध्ये घालून कपाटात, एवढेच आवरायचे आहे.

या यंत्राचा पडदा २५६० बाय १६०० चित्रबिंदूंचा आहे आणि त्यावर पूर्ण रिझोल्यूशनने नवे खेळ चालवण्याची ताकद त्याच्या चिपमध्ये नाही. १२८० बाय ८०० ठेवावे. ते बरोबर निम्मे असल्यामुळे एका चित्रबिंदूच्या जागी चार असे नेमके बसते. आवाजाच्या दृष्टीनेही याचा उपयोग होतो, कारण पंख्याचा आवाज चिपला मिळणाऱ्या वॅटबरोबर वाढतो. रात्री १० ते १२ वॅटची मर्यादा घालावी आणि चित्रांची गती सेकंदाला ४८ वर बांधावी. पडदा १४४ हर्ट्झचा असल्यामुळे प्रत्येक चित्र बरोबर तीनदा दाखवले जाते आणि हालचाल अडखळत नाही. हेडफोन तारेचे घ्यावेत, त्यासाठीची ३.५ मिलिमीटरची जागा यंत्राला आहे. बटणांचा टकटक आवाज मात्र कोणत्याही सेटिंगने जात नाही, त्याबाबत रूममेटशी बोलणेच बरे.

पुढे मॉनिटर घ्यायचाच झाला तर १५.६ इंची, १०८० पीचा, कव्हरचाच स्टँड होणारा घ्यावा. तो वहीसारखा कपड्यांच्या बाजूला उभा राहतो. दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे केबल. फोनबरोबर येणाऱ्या बहुतेक टाइप-सी केबली चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून चित्र जात नाही. मॉनिटरबरोबर आलेल्या चित्राच्या केबलीला रंगीत टेप गुंडाळून ठेवावी, नाहीतर तीन जणांच्या खोलीत ती पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी फोनला लागेल. दुसरी म्हणजे वीज. एकाच केबलने जोडलेला मॉनिटर आपले आठ-दहा वॅट यंत्राच्या बॅटरीतून घेतो आणि लीजन गोची बॅटरी ४९.२ वॅट-तासांची आहे, त्यामुळे दुसऱ्या पोर्टला चार्जर लावलेला असावा. ज्या यंत्रांना एकच पोर्ट आहे त्यांना येथे हब लागतोच.

कपाटाला कुलूप लावण्यापूर्वी लीजन गोसारखे विंडोजचे यंत्र नुसते ‘स्लीप’मध्ये ठेवू नये. ते कधीकधी आपोआप जागे होते, बंद केसमध्ये तापते आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. पॉवर बटणाला ‘हायबरनेट’ नेमून द्यावे. खेळ तेथेच थांबलेला राहतो आणि यंत्र खरोखर बंद होते. चोरीच्या भीतीने चार्जिंग बंद कपाटात लावण्याची पद्धत काही पीजींमध्ये दिसते. ती कृपया टाळावी. लोखंडी कपाटात हवा खेळत नाही, आणि चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीला कपड्यांच्या घड्यांमध्ये कोंडणे धोक्याचे आहे.

प्रश्न : लीजन गोला बाहेरून मोठे ग्राफिक्स कार्ड जोडता येते असे वाचले. आमचा फ्लॅट लहान आहे, म्हणून डेस्कटॉपऐवजी हा मार्ग बरा का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : जोडता येते, कारण त्याचे पोर्ट यूएसबी ४ या अधिक वेगवान प्रकारचे आहेत. स्टीम डेकच्या पोर्टवर हे होत नाही. पण ग्राफिक्स कार्ड, त्याची पेटी आणि त्याचा वीजपुरवठा मिळून जी वस्तू तयार होते ती लहान डेस्कटॉपएवढीच जागा घेते, आणि केबलच्या मर्यादेमुळे कार्डाची पूर्ण ताकदही मिळत नाही. जागा वाचवण्याचा हा मार्ग नव्हे.

प्रश्न : योकोहामा येथे सहा तातामींच्या (जपानी चटयांच्या) खोलीत राहतो. रात्री त्याच जागी फुतोन (जमिनीवरची गादी) अंथरतो, त्यामुळे सकाळी सर्व काही कपाटात गेले पाहिजे. माझ्याकडे स्टीम डेक आहे. मॉनिटरऐवजी चष्म्यासारखा डिस्प्ले घेण्याचा विचार आहे. घ्यावा का?
एक वाचक, योकोहामा

उत्तर : सहा तातामी म्हणजे साधारण दहा चौरस मीटर, तेव्हा तुमची अट रास्त आहे. एक्सरीअल आणि तशाच इतर कंपन्यांचे चष्मे टाइप-सीमधून चित्र घेतात आणि डेकच्या पोर्टमधून ते मिळते, त्यामुळे वेगळे काही न बसवता ते चालतात. चष्म्याच्या घरात मावणारा मोठा पडदा दुसरा कोणताही नाही, हे मान्य करावे लागेल. तरीही तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. या चष्म्यांना स्वतःची बॅटरी नसते, ते डेकची वीज खातात, आणि डेकचा एकुलता एक पोर्ट त्यांनीच अडवल्यामुळे खेळताना चार्जिंग करायचे असेल तर चित्र आणि वीज वेगवेगळी करणारा छोटा अडॅप्टर लागतो. नंबरचा चष्मा असेल तर आत बसणाऱ्या वेगळ्या काचा करून घ्याव्या लागतात. आणि नाकावर ऐंशी ग्रॅमच्या आसपासचे वजन दोन तास सहन होते का, हे दुकानात घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या शहरात तशी दुकाने आहेत, ही संधी सोडू नये. खोलीत दुसरे कोणी बरोबर खेळणारे असेल तर मात्र चष्मा निरुपयोगी आहे, कारण चित्र एकालाच दिसते.

चष्मा घातला की डेककडे पाहावे लागत नाही आणि तो शेजारी अंथरुणावर ठेवून कंट्रोलरने खेळण्याची सवय लागते. फुतोनवर तो उताणा ठेवल्यास त्याच्या पाठीवरील हवेची जाळी पूर्ण बंद होते. कपाटातील एखादा लाकडी ट्रे किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक खाली घ्यावे आणि डेक त्यावर स्टँडने उभा करावा. तुमच्याकडे ओएलईडी मॉडेल असेल तर ब्लूटूथ कंट्रोलरच्या बटणानेच त्याला जागे करता येते, त्यामुळे रोज हात लावावा लागणार नाही.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. पावसाळ्यात कपाटातील चपलांनासुद्धा बुरशी येते. दोन भावांत मिळून एक स्टीम डेक आहे आणि परीक्षेच्या काळात आई तो दोन-तीन महिने कपाटात ठेवून देते. वीजही वारंवार जाते. तो कसा ठेवावा?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डेकबरोबर मिळणारी केस प्रवासासाठी उत्तम आहे, परंतु तिचे आतले अस्तर दमट हवेत ओल धरते. कोकणातील पावसाळ्यात दीर्घकाळ ठेवायचे असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि यंत्र सुती कापडात गुंडाळून त्यात ठेवावे. रंग बदलणारे सिलिका जेल मिळाल्यास घ्यावे, म्हणजे ते भिजले की दिसते आणि गरम करून पुन्हा वापरता येते. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कप्प्यात ठेवू नये, कारण ओल तेथूनच येते; आतल्या भिंतीचे कपाट, मधला कप्पा, ही जागा बरी. फळीवर मांडून ठेवलेल्या हबलाही खारी हवा लागते, म्हणून वापर नसताना तोही त्याच डब्यात जाऊ द्यावा.

बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास असावी. डेकच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘बॅटरी स्टोरेज मोड’ आहे. तो सुरू केला की यंत्र पूर्णपणे निजते आणि चार्जर लावल्यावरच जागे होते. आईंनी कपाटाला कुलूप लावण्यापूर्वी एवढे करून घ्यावे. यंत्र रोज टीव्हीला जोडलेलेच राहत असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय डेकच्या स्टीमओएस या कार्यप्रणालीत २०२५पासून आहे, ती वापरावी.

वीज जाण्याचा तुम्हाला त्रास कमी आहे. टीव्ही बंद झाला तरी डेक स्वतःच्या बॅटरीवर चालूच राहतो. हबची केबल काढली की खेळ त्याच्या पडद्यावर येतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर डेकचा ४५ वॅटचा चार्जर चालवायला हरकत नाही, जुन्या धाटणीचा छताचा पंखा त्याहून अधिक वीज घेतो. मात्र मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की हबचा चार्जर बोर्डातून काढावा आणि डेकही हबपासून वेगळा करावा. छपरावरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समार्गे टीव्हीला आणि टीव्ही एचडीएमआयमार्गे हबला जोडलेला असतो, त्यामुळे नुसते बोर्डाचे बटण बंद करणे त्या वेळी पुरेसे होत नाही.